नवी ८ जीबी रॅम लावली की स्क्रीन काळी, जुनी लावली की सगळं सुरळीत. बोर्ड बदलावाच लागेल का?

अक्षरजुळणी (जयसिंगपूर)

नमस्कार मंडळी,

जयसिंगपुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारशाची आमंत्रणं, उरूस-जत्रांची हँडबिलं आणि गेली सहा-सात वर्षं फ्लेक्स. फ्लेक्सची कामं आल्यापासून मशीन फार दमतं. गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत बसून म्हणतं, "साहेबांचा फोटो जरा डावीकडं घ्या", आणि तो फोटो सरकायला अर्धा मिनिट लागतो. तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू होतो. त्याआधी रॅम वाढवून घ्यायची असं ठरवलं होतं.

मशीन २०१३ साली सांगलीतून जुळवून घेतलेलं आहे. आय५ ३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), रॅमचे स्लॉट दोनच. एकात ४ जीबीची डीडीआर३ स्टिक आहे, तिच्या लेबलवर पीसी३-१२८००यू असं लिहिलंय. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. दोन वर्षांपूर्वी २४० जीबीची एसएसडी टाकली. विंडोज १० आहे.

ऑनलाइन ८ जीबी डीडीआर३ १६०० ची नवी स्टिक ६८० रुपयांना मिळाली. वर कंपनीचं नाव नाही, पांढऱ्या लेबलवर फक्त "८ जीबी डीडीआर३ १६०० डेस्कटॉप". काय काय केलं ते क्रमानं सांगते.

वायर काढली, कॅबिनेट आडवं ठेवलं, पत्र्याला हात लावून मगच स्टिक हातात घेतली. दुसऱ्या स्लॉटचे दोन्ही कान मागे केले, खाच जुळवली, दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबलं. खट आवाज आला, कान आपोआप बंद झाले. सुरू केलं तर पंखा फिरला, पाच-सहा सेकंदांनी बंद, पुन्हा फिरला, पुन्हा बंद. स्क्रीनवर काहीच नाही. जुनी काढून नवी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये लावली. तेच. नवी काढून जुनी परत पहिल्यात लावली तर दोन मिनिटांत विंडोज आलं, जणू काही झालंच नाही.

इथल्याच एका दुरुस्तीच्या दुकानात कॅबिनेट नेलं. त्यांनी लावून बघितलं आणि लगेच सांगितलं, बोर्डाचा स्लॉट गेलाय, हा बोर्ड आता मिळत नाही, अख्खं मशीन बदला, पस्तीस हजारापर्यंत जाईल. सीझनच्या तोंडावर पस्तीस हजार माझ्याकडं नाहीत. असते तरी, रोज बारा तास चालणारं मशीन असं दोन मिनिटांत निकालात काढणं मनाला पटत नाही. खरंच बोर्ड गेला असेल तर तसं सांगा, मी ऐकेन. पण कशावरून, तेही सांगा.

सागरतीर (रत्नागिरी)

ताई, आमचं आपले सरकार सेवा केंद्र आहे आणि दर पावसाळ्यात आमच्या दोन मशीनना हाच त्रास होतो. समुद्राची हवा, त्यात ओल. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुसट काळपट थर धरतो आणि डिस्प्ले जातो.

आधी साधा उपाय करून बघा. शाळेतला मऊ पांढरा खोडरबर घ्या, शाईचा खरबरीत निळा नको, त्यानं सोन्याचा मुलामा खरवडतो. पट्ट्यांवर वरून खाली हलकेच फिरवा, दोन्ही बाजूंनी. रबराचा भुगा स्लॉटवर पडू देऊ नका, स्टिक बाजूला नेऊनच पुसा. मग स्वच्छ सुती फडकं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळालं तर त्याहून चांगलं. स्लॉटमध्ये तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक फवारा जातो. मऊ कोरडा ब्रश पुरतो.

दुसरं, बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमचा) सेल. बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल वायर काढलेली असताना बाहेर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, पाच मिनिटांनी सेल परत बसवा. जुन्या रॅमची काही सेटिंग अडकली असेल तर सुटते. तारीख-वेळ तेवढी परत भरावी लागेल.

जुनाबोर्ड (पुणे)

मी चोवीस वर्षं बोर्ड दुरुस्त करतो, तापकीर गल्लीच्या अलीकडे. वरचा सल्ला बरोबर आहे, तो करूनच घ्या. पण ताई, तुमची स्टिक नवी आहे आणि जयसिंगपूरची हवा कोरडी. माझा संशय दुसरीकडे आहे. तो सांगण्याआधी मला चार गोष्टींची उत्तरं हवीत.

१. जुनी ४ जीबीची स्टिक एकटी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितलीत का? तुमच्या पोस्टमध्ये ते कुठेच नाही, आणि दुकानदारांनीही केलेलं दिसत नाही. स्लॉट गेला म्हणायचं असेल तर हीच चाचणी पहिली.

२. बोर्डाला स्पीकर आहे का? आजकालच्या कॅबिनेटमध्ये नसतो. चार पिनांवर बसणारा बारका बझर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वीस-तीस रुपयांना मिळतो. तो लावा. मग दोन्ही स्टिक काढून, रॅमशिवाय मशीन सुरू करा. याने काही बिघडत नाही. काय आवाज येतो ते ऐका. मग नवी स्टिक एकटी लावून पुन्हा ऐका.

३. नव्या स्टिकवर काळ्या चिपा किती? दोन्ही बाजूंच्या मोजा.

४. एका चिपेवरची अक्षरं भिंगातून वाचून इथे जशीच्या तशी लिहा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून, उजेड तिरपा पाडला की वाचता येतात.

तोवर नवीन काही विकत घेऊ नका.

बार्शीची लॅब (बार्शी)

मी शाळेत संगणक शिकवतो. आमच्या लॅबला देणगीत वीस मशीन मिळाली होती, त्यांची रॅम वाढवताना मी स्वतः दोनदा फसलोय, म्हणून लिहितो.

पहिल्या वेळी कुणीतरी स्वस्तात सर्व्हरची रॅम दिली. डीडीआर३, पिना २४०, खाच त्याच जागी, स्लॉटमध्ये अगदी बरोबर बसली. एकही मशीन सुरू होईना. लेबलवर पीसी३-१०६००आर होतं. शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे साधी डेस्कटॉपची, आर म्हणजे रजिस्टर्ड, ती फक्त सर्व्हरच्या बोर्डावर चालते. तिच्या एका बाजूला नऊ किंवा त्याहून जास्त चिपा असतात आणि मधोमध एक वेगळी, मोठी चिप असते. ताईंच्या लेबलवर ते अक्षरच नाही हे मला खटकतंय.

दुसऱ्या वेळी एका मशीनला एका बाजूचा स्लॉट दिसेचना. दोन्ही स्टिक चांगल्या, स्लॉट स्वच्छ. शेवटी प्रोसेसर उचलला तर सॉकेटमधली एक पिन वाकलेली होती. या पिढीत पिना बोर्डात असतात, ११५५ पिना, आणि मेमरीचा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो. त्यामुळे एक पिन वाकली तरी रॅमची एक अख्खी वाहिनी (प्रोसेसर आणि रॅममधली माहितीची वाट) बंद पडू शकते आणि बघणाऱ्याला वाटतं स्लॉट मेला. कधी प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार खिळे सारखे बसलेले नसले, एका कोपऱ्यावर दाब जास्त आला, तरी असं होतं. पंखा काढून पुन्हा नीट बसवला की चालतं. जुनाबोर्ड म्हणतात ती पहिली चाचणी म्हणूनच महत्त्वाची.

अक्षरजुळणी

सगळ्यांचे आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर सगळं करून बघितलं.

खोडरबर, ब्रश, सेल काढणं, सगळं केलं. नव्या स्टिकवर काही फरक नाही.

जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये चालते. विंडोज आलं, तासभर कोरलवर (कोरलड्रॉ, माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर) काम केलं, काही अडलं नाही. हे दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

बझर पंचवीस रुपयांना मिळाला. रॅमशिवाय सुरू केलं तर लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप, असं चालूच. नवी स्टिक लावली तर अगदी तसंच. जुनी लावली तर एकच छोटा बीप आणि डिस्प्ले.

चिपा सोळा, दोन्ही बाजूंना आठ-आठ. अक्षरं के४बी४जी०४४६, पुढचं घासल्यासारखं आहे, वाचता येत नाही. हे कशाचं लक्षण, काका?

जुनाबोर्ड

ताई, तुमचा बोर्ड ठणठणीत आहे. स्लॉटही, प्रोसेसरही. स्टिकही बहुधा बिघडलेली नाही. ती तुमच्या मशीनसाठी बनवलेलीच नाही.

बीप आधी. रॅम काढल्यावर बोर्ड ओरडतो, याचा अर्थ प्रोसेसर जिवंत आहे, बायोस चालतोय, आणि तो रॅम शोधतोय. नवी स्टिक लावल्यावरही तोच आवाज, म्हणजे त्याच्या लेखी स्लॉट रिकामाच आहे. जुनी दोन्ही स्लॉटमध्ये चालली, म्हणजे दोन्ही वाहिन्या ठीक. बोर्डावर संशय घ्यायला जागा उरत नाही.

आता तो चिपेवरचा नंबर. सॅमसंगच्या डीडीआर३ चिपांच्या नावात के४बी नंतर क्षमता येते. तुमची ४जी, म्हणजे ४ गिगाबिट, म्हणजे ५१२ एमबी. सोळा चिपा गुणिले ५१२ एमबी, बरोबर ८ जीबी. क्षमतेत फसवणूक नाही. त्यापुढचे दोन आकडे महत्त्वाचे. ०४ म्हणजे ती चिप एका वेळी चार बिट देते. ०८ असतं तर आठ बिट.

प्रोसेसर रॅमशी एका वाहिनीतून ६४ बिट एकदम बोलतो. आठ बिटांच्या चिपा असतील तर आठ चिपा मिळून ६४ होतात. सोळा चिपांच्या दोन तुकड्या पडतात, एक झाली की दुसरी. या तुकडीला रँक म्हणतात. चांगल्या स्टिकच्या लेबलवर २आर×८ लिहिलेलं असतं ते हेच, दोन रँक, आठ बिटांच्या चिपा. चार बिटांच्या चिपा असल्या की ६४ भरायला सोळाच्या सोळा लागतात, म्हणजे रँक एकच. बाहेरून दोन्ही स्टिक हुबेहूब सारख्या दिसतात. सोळा चिपा, हिरवी पट्टी, तीच खाच.

चिपेच्या आत माहिती ओळी आणि रकाने अशा मांडणीत असते. ४ गिगाबिटच्या आठ बिटी चिपेत रकान्याचा पत्ता दहा बिटांचा असतो, चार बिटी चिपेत अकरा बिटांचा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला कंट्रोलर हा अकरावा बिट देतच नाही. तो साध्या स्टिकमध्ये फक्त आठ आणि सोळा बिटांच्या चिपा मानतो. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या त्या काळच्या एएम३ बोर्डांवर या स्टिक चालतात. म्हणून बाजारात त्यांना "एएमडी रॅम" म्हणतात आणि त्या निम्म्या भावात मिळतात. विक्रीच्या पानावर कुठेतरी खाली लिहिलेलंही असतं. एकदा बघा.

जुन्या इंटेल मशीनसाठी ८ जीबीची स्टिक घेताना अजून एक प्रकार टाळा. काही स्टिकवर एकाच बाजूला, आठच चिपा असतात, प्रत्येक ८ गिगाबिटची. तुमच्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला त्याही चालत नाहीत, त्याची मजल ४ गिगाबिटच्या चिपेपर्यंतच. तुम्हाला हवी ती अशी: डीडीआर३ किंवा डीडीआर३एल, पीसी३-१२८००यू, ८ जीबी, २आर×८, सोळा चिपा, आणि चिपा सॅमसंगच्या असतील तर नंबरात ०८. डीडीआर३एल १.३५ व्होल्टची असते, पण १.५ वरही चालते, तुमच्या बोर्डावर अडचण नाही. नवीच हवी असं नाही. ब्रँडेड ऑफिस मशीनमधून निघालेली जुनी स्टिक नव्या बिननावाच्या स्टिकपेक्षा कितीतरी भरवशाची असते.

एक विनंती. विकत घ्यायला जाताना कॅबिनेट सोबत न्या. दुकानात लावून, डिस्प्ले बघून मगच पैसे द्या. कुठल्याही प्रामाणिक दुकानदाराला त्याचं वाईट वाटत नाही.

सागरतीर

काका, मी इतकी वर्षं अशी स्टिक आली की खोडरबर फिरवायचो आणि नाही चालली की डेड म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायचो. नंबर वाचायचं कधी सुचलंच नाही.

एक विचारतो. ताईंकडे आता ४ आणि ८ अशा वेगवेगळ्या स्टिक होतील. दोन्ही वाहिन्या एकत्र चालतील का? आमच्याकडे एकाने सांगितलं होतं की जोडी सारखीच लागते, नाहीतर मशीन उलट हळू होतं.

जुनाबोर्ड

हळू होत नाही. सारखी जोडी उत्तम, यात वाद नाही, पण इंटेलच्या बोर्डावर ४ आणि ८ लावल्या तर दोन्हींतले ४-४ मिळून ८ जीबी जोडीनं चालतं आणि मोठ्या स्टिकचं उरलेलं ४ एकेरी. एकट्या ४ पेक्षा हे हर बाबतीत बरं. वेग मात्र दोन्हींतल्या कमी वेगाच्या स्टिकचा धरला जातो. एक १६०० आणि एक १३३३ असेल तर दोन्ही १३३३ वर. फरक हाताला जाणवत नाही.

चार स्लॉट असलेल्या बोर्डावर मात्र जागा बघून लावा. दोन स्टिक शेजारी-शेजारी नको, एक सोडून एक. बोर्डाच्या पुस्तिकेत क्रम दिलेला असतो, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा.

अक्षरजुळणी

काका, विक्रीच्या पानावर खरंच होतं. अगदी शेवटी, फोटोंच्याही खाली, "फक्त एएमडी बोर्डासाठी". मी ते वाचलं नव्हतं. परतीची मुदत दोन दिवस उरली होती, पाठवून दिली, पैसे आले.

रविवारी कॅबिनेट चादरीत गुंडाळून सांगलीला नेलं. दोन दुकानांत "डीडीआर३ डीडीआर३च असते, घेऊन जा" असं सांगितलं, लावून दाखवायला तयार नव्हते. तिसऱ्या दुकानातल्या मुलाला मी २आर×८ म्हटलं आणि त्यानं न बोलता खणातून तीन स्टिक काढून पुढं ठेवल्या. लेबल वाचून एक निवडली. त्यानं स्वतः पुसून लावली, एक छोटा बीप, डिस्प्ले. बायोसमध्ये १२२८८ एमबी, म्हणजे १२ जीबी. अकराशे रुपये, एक महिन्याची वॉरंटी, बिलावर लिहून. त्याच्याच टेबलावर चहा घेतला.

घरी येऊन विंडोज उघडलं तर आता वेगळंच. सिस्टीममध्ये "इन्स्टॉल्ड रॅम १२ जीबी (३.४१ जीबी वापरण्यायोग्य)" असं दाखवतंय. फ्लेक्सची फाइल पूर्वीसारखीच अडकते. आता काय चुकलं? स्टिक परत तपासायची का?

बार्शीची लॅब

ताई, स्टिक ठीक आहे. त्याच पानावर खाली "सिस्टीम टाइप" बघा. ३२ बिट लिहिलेलं असणार, मला जवळजवळ खात्री आहे. आमच्या लॅबमध्ये वीसपैकी सतरा मशीन अशीच होती.

३२ बिटी विंडोजला ३२ बिटांत मावतील तेवढेच पत्ते देता येतात. दोनचा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक आणि बोर्डावरच्या इतर भागांना द्यावे लागतात, म्हणून हातात तीन-साडेतीन जीबी उरतात. तुम्ही १२ लावा नाहीतर १६, आकडा तोच.

जर ६४ बिट असेल आणि तरी कमी दिसत असेल, तर एमएसकॉन्फिग उघडून बूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "मॅक्झिमम मेमरी" वर टिक नाही ना ते बघा. असेल तर काढा. पण तुमचा आकडा ३२ बिटाचाच वाटतो.

अक्षरजुळणी

३२ बिटच आहे. २०१३ साली टाकून देणाऱ्यानं तसंच टाकलं, कारण माझ्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली) तेव्हा तसंच चालायचं. नंतर १० वर अपग्रेड केलं तेही ३२ च राहिलं. ६४ टाकायला मला भीती वाटते. पंधरा वर्षांच्या पत्रिका आहेत, गिऱ्हाइकाच्या घरात आता धाकट्याचं लग्न आलं की थोरल्याची फाइल मागतात. आणि डोंगल चाललं नाही तर माझा धंदाच थांबतो.

जुनाबोर्ड

भीती रास्त आहे, म्हणून क्रमानं करू.

३२ वरून ६४ वर जाताना वरच्यावर अपग्रेड होत नाही. सी ड्राइव्ह पुसून कोरं विंडोजच टाकावं लागतं. त्यामुळे आधी सगळ्या फाइली, फॉन्टसह, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. फॉन्ट विसरलात तर पत्रिका उघडतील पण अक्षरं चौकोन होतील. कॉपी झाल्यावर त्या डिस्कवरून पाच-सहा जुन्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मगच पुढं.

तुमची आत्ताची विंडोज १० ची परवानगी ६४ बिटालाही चालते, तीच आवृत्ती टाकलीत तर वेगळे पैसे नाहीत. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, त्याला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल लागतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, तेव्हा या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

३२ बिटाचे साधे प्रोग्रॅम ६४ वर चालतात. १६ बिटाचे, फार जुने, चालत नाहीत. ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण विंडोजमध्ये चालवणारा प्रोग्रॅम) मात्र ६४ बिटाचाच लागतो, मग तो डोंगलचा असो की प्रिंटरचा. म्हणून पुसण्याआधी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून ६४ बिटाचा डोंगल ड्रायव्हर मागून घ्या. हातात आला की काम सुरू.

कोरल कुठलं आहे? कोरलड्रॉ २०१२ च्या एक्स६ पासून ६४ बिटात आलं. त्याआधीचं असेल तर ६४ बिटी विंडोजवरही एकट्या कोरलला १२ जीबी मिळणार नाही, ३२ बिटी प्रोग्रॅमला दोन, फार तर चार जीबीच घेता येतात. फायदा तरीही होतो, कारण कोरल, फोटोशॉप, ब्राउझर प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो. फोटोशॉप ६४ बिटाचं टाकलंत तर फ्लेक्सला खरा फरक दिसेल. हिशोब करून बघा. २० फूट बाय १० फूट, ७२ डीपीआय, म्हणजे दर इंचाला ७२ ठिपके (पिक्सेल). रुंदी १७,२८० पिक्सेल, उंची ८,६४०. चार रंगांचे चार बाइट धरले तर एका भरलेल्या थराला सुमारे ५९७ एमबी. पाच थर आणि वर विंडोजचा वाटा धरला की तुमचे ३.४१ संपले, मग सगळं एसएसडीवर लिहायचं आणि परत वाचायचं. साहेबांचा फोटो सरकायला अर्धा मिनिट लागतो तो तिथे.

विंडोज टाकण्याआधी एक रात्र मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा. मोफत आहे. जुनी स्टिक घेतलीय, एवढं करायलाच हवं. एकही चूक निघाली तर विंडोज टाकू नका. एकेक स्टिक वेगळी लावून कोणती ते शोधा आणि वॉरंटीत बदलून घ्या. रॅम खराब असताना टाकलेलं विंडोज आणि कॉपी केलेल्या फाइली दोन्ही बिघडतात, आणि ते महिनाभर कळतही नाही.

अक्षरजुळणी

आठवड्यानं लिहितेय, मधे कामात होते.

मेमटेस्ट रात्री दहाला लावली, सकाळी सातला चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. डोंगलवाल्यांनी दोन दिवसांनी ड्रायव्हर मेलवर पाठवला. फाइलींची कॉपी करायला एक अख्खी दुपार गेली. फॉन्टचं काकांनी सांगितलं नसतं तर राहिलेच असते, एकशे चाळीस निघाले.

६४ बिट टाकलं. आता १२ जीबी, त्यातले ११.९ वापरण्यायोग्य दाखवतंय. डोंगल चाललं. माझा जुना लेझर प्रिंटर चालला नाही, त्याला ६४ चा ड्रायव्हरच नाही. तो मुलीच्या जुन्या लॅपटॉपला जोडलाय, प्रूफ तिथून काढते. कोरल माझं एक्स५ आहे, ते बदलायचं पुढच्या वर्षी बघू.

काल शिरोळहून एक जण वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आले होते. २० बाय १०, अकरा फोटो. शेजारी बसून त्यांनी सात वेळा फोटो इकडचे तिकडं करायला लावले आणि प्रत्येक वेळी फोटो माउसबरोबर सरकला.

दुरुस्तीच्या त्या दुकानात मी परत गेले होते. भांडायला नाही. चिपेवरच्या नंबराचा मोबाईलमधला फोटो दाखवला आणि ०४, ०८ काय ते सांगितलं. त्यांनी फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला.

सागरतीर

ताई, हे वाचून मी काल ड्रॉवर रिकामा केला. डेड म्हणून टाकलेल्या सात स्टिक होत्या. चार ०४ च्या निघाल्या. एक सर्व्हरची, लेबलवर आर. उरलेल्या दोन २आर×८. त्या खोडरबरानं पुसून लावल्या, एक सुरू झाली. रात्रभर मेमटेस्टला ठेवली, सकाळपर्यंत चूक नाही. दुसरी बीपच देते, तिच्या कडेच्या तीन पट्ट्यांवर हिरवट डाग आहे, तो रबरानं जात नाही. काका, अल्कोहोलनं निघेल का, की आता हात लावू नको?

जुनाबोर्ड

हिरवा डाग म्हणजे मुलामा जाऊन खालचं तांबं गंजलंय. निघेल, पण टिकणार नाही आणि स्लॉटच्या पिनांनाही लागेल. ती बाजूला ठेवा. त्या चार ०४ च्या मात्र टाकू नका, तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे एएमडीचं जुनं एएम३ मशीन असेल तर तिथे लावून बघा.